अकराव्या भागाचा शाप

'लव्ह सिक' या थाय मालिकेत फुन नावाच्या शाळकरी मुलापुढे एक घरगुती पेच आहे. वडिलांची इच्छा, त्याने त्यांच्या मित्राच्या मुलीशी जवळीक वाढवावी. फुनची तर आधीच एक मैत्रीण आहे. यातून त्याला सोडवू शकेल अशी घरात एकच व्यक्ती, त्याची धाकटी बहीण. पण ही बहीण मुलामुलांच्या प्रेमकथांची अट्टल वाचक आहे. दादाचं एखाद्या मुलाशी जमलेलं असेल, तरच ती त्याची बाजू घेणार. मग फुन जातो शाळेच्या संगीत क्लबच्या अध्यक्षाकडे, नो नावाच्या मुलाकडे. क्लबच्या बजेटला कात्री लागलेली असते. ते पैसे परत मिळवून देण्याच्या बोलीवर नो खोटा प्रियकर व्हायला कबूल होतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

ही मालिका २०१४ची. थाय 'बॉइज लव्ह' किंवा 'बीएल' मालिकांच्या लाटेची सुरुवात सहसा तिच्यापासून धरतात. आणि त्या सुरुवातीच्याच मालिकेत कथेला किल्ली देते ती एक चाहती! पडद्यापुढे बसलेल्या मुलींना पडद्यावर आपलीच एक प्रतिनिधी दिसली, तीही थोडी हास्यास्पद, थोडी लबाड आणि सगळ्यांवर मात करणारी. या मालिका बघायच्या कशा, हे तिथेच ठरून गेलं. पोट धरून हसायचं, नायकांच्या मूर्खपणावर डोकं बडवायचं आणि पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी पुन्हा हजर व्हायचं.

याला एक इतिहास आहे. जपानी मांगामधल्या मुलामुलांच्या प्रेमकथा चोरट्या थाय भाषांतरांतून नव्वदच्या दशकापासूनच थायलंडच्या मुलींच्या हाती पडत होत्या. इंटरनेट आल्यावर 'डेक-डी'सारख्या संकेतस्थळांवर याच मुली स्वतः कादंबऱ्या लिहू लागल्या, एकेक प्रकरण करून. वाचणाऱ्या मुली पुढच्या प्रकरणात काय घडायला हवं ते हक्काने सांगत. 'लव्ह सिक' ही अशीच एक कादंबरी होती. त्याआधी २००७ मध्ये 'लव्ह ऑफ सयाम' हा सुंदर चित्रपट येऊन गेला होता, पण त्याची जाहिरात सर्वसाधारण तरुण प्रेमकथेसारखी केली होती. दोन मुलांची गोष्ट आहे हे अनेकांना थिएटरात बसल्यावर कळलं. सात वर्षांनी तीच गोष्ट लपवायची वस्तू राहिली नाही, विकायची झाली. या बदलामागे या हौशी लेखिका आणि त्यांच्या वाचक होत्या.

मग २०१६ मध्ये 'सोटस' आली आणि थाय मालिकांतल्या प्रेमाने इंजिनीअरिंगला कायमचा प्रवेश घेतला. विद्यापीठातली रॅगिंगची पद्धत हा 'सोटस'चा विषय. थायलंडात ही पद्धत खरीच आहे, आणि तिच्यापायी मुलांचे जीव गेल्याच्याही घटना आहेत. मालिकेतला आर्थित हा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, नव्या मुलांवर ओरडणाऱ्या चमूचा म्होरक्या. कोंगफोप हा पहिल्या वर्षाचा, उलट उत्तरं देणारा. नव्या मुलांनी विभागाचं मानचिन्ह असलेला गिअर कमवायचा असतो. तो कसा मिळवणार, असं आर्थित दरडावून विचारतो. तेव्हा कोंगफोप सगळ्यांसमोर सांगतो, की मी तुम्हालाच बायको करून घेईन, म्हणजे तुमचं ते माझं. मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा अर्थातच होते. पण एवढा दरारा असलेला हा आर्थित पितो काय, तर नोम येन, म्हणजे लाल सरबत, दूध आणि बर्फ घातलेलं गुलाबी पेय. त्या गुलाबी ग्लासाने कोंगफोपच्या सगळ्या संवादांपेक्षा जास्त चाहते मिळवले असतील.

तेव्हापासून या मालिकांतले निम्मे नायक इंजिनीअरिंगला आहेत. पांढरा शर्ट, विद्यापीठाच्या बकलचा पट्टा, वर वर्कशॉपचा गडद शर्ट. वर्कशॉपमध्ये मात्र कुणी दिसत नाही. बीमचं गणित, थर्मोडायनॅमिक्स, सबमिशनची रात्र, यातलं काहीही दिसत नाही. पुण्या-सांगलीच्या कॉलेजांतून चार वर्षं घासून निघालेल्या माणसाला हे बघताना हेवा वाटावा, इतका मोकळा वेळ या मुलांना असतो. राहायला वसतिगृहाची कुबट खोली नसते. काचेच्या मोठ्या खिडक्यांचा फ्लॅट असतो, त्याचं भाडं कोण भरतं हे दिग्दर्शकालाही ठाऊक नसावं.

मुरलेल्या चाहतीला अशा जागा पाठ असतात. नायक पावसात भिजला की पुढच्या दृश्यात त्याला ताप. ताप आला की दुसऱ्याने वाटीभर पाण्यात टॉवेल बुडवून पिळायचा आणि त्याचं अंग पुसायचं. डॉक्टर येत नाही, थर्मामीटर क्वचित, पण टॉवेल हटकून. मग तांदळाची पेज भरवायची. पडण्याचेही नियम आहेत. सपाट, कोरड्या फरशीवर धडधाकट मुलगा घसरतो आणि थेट दुसऱ्याच्या अंगावर जातो. पडणं संथ गतीत, तीन बाजूंनी दाखवलं जातं. 'हीज कमिंग टू मी' या २०१९च्या मालिकेत दोघांपैकी एक तर चक्क भूत होतं, दफनभूमीत वर्षानुवर्षं एकटं राहिलेलं. तरी प्रेम झालं, आणि मालिका चांगलीही झाली.

सगळ्यात दरारा अकराव्या भागाचा. थाय मालिका बहुधा बारा भागांची. दहाव्या भागापर्यंत प्रेम जमलेलं असतं आणि बाराव्यात शेवट गोड करायचा असतो. मध्ये उरलेल्या अकराव्या भागात काहीतरी मोडायलाच हवं. जुनी प्रेयसी परत येते, वडिलांना कळतं, परदेशी शिष्यवृत्ती मिळते, नाहीतर ऐकलेल्या अर्ध्या वाक्यावरून गैरसमज होतो. जगभरच्या चाहत्यांनी याला शापच म्हणायला सुरुवात केली. अकरावा भाग ज्या दिवशी येणार, त्या दिवशी आधीच रडून घेण्याची तयारी ठेवायची आणि भाग संपल्यावर 'सांगितलं नव्हतं?' म्हणायचं, हा ठरलेला खेळ.

त्यात यूट्यूबची भर. बँकॉकची जीएमएमटीव्ही ही कंपनी आपल्या बऱ्याच मालिका यूट्यूबवर फुकट टाकते, एका भागाचे चार तुकडे करून. तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी कुणीतरी दार उघडतं. दारात कोण आहे हे चौथ्या तुकड्यात. जगाच्या एका टोकाला नाश्त्याची वेळ आणि दुसऱ्याला मध्यरात्र असताना, लाखो माणसं पडदा पुन्हा पुन्हा ताजा करत बसतात.

फुकटचं मोल वसूल होतं जाहिरातींतून, आणि त्या मालिकेच्या आतच पेरलेल्या असतात. दोघांचं पहिलं मोठं भांडण झालेलं, एक जण डोळे पुसत न्हाणीघरात शिरतो आणि तोंड धुण्याच्या फोमची ट्यूब लेबल कॅमेऱ्याकडे करून उचलतो. पुढे त्या फोमने त्वचा कशी मऊ राहते यावर त्याची मित्राशी चर्चा! शीतचहा, वेफर्स, कपातले नूडल्स, सगळे आपापली वाक्यं घेऊन कथेत येतात. सभ्य समीक्षकाने यावर नाक मुरडावं. चाहत्यांनी याचाच एक उपप्रकार केला. कोणत्या नटाने फेसवॉशचं वाक्य किती निरागसपणे म्हटलं, यावरून अभिनयाची तुलना होते, आणि खरंच, ते वाक्य खरं वाटायला लावणं रडण्यापेक्षा अवघड आहे.

नटांच्या नावांचीही मजा आहे. थाय माणसाला कागदोपत्रीचं एक नाव असतं, बरेचदा संस्कृत-पालीच्या घराण्यातलं, आणि आईवडिलांनी ठेवलेलं एक टोपणनाव. विन नावाच्या नटाचं खरं नाव मेतविन, म्हणजे आपला मेधाविन. 'सोटस'चा आर्थित म्हणजे आदित्य. टोपणनावांत मात्र ऑफ, गन, न्यू, मिक्स, अर्थ. फर्स्ट आणि फोर्थ नावाचे नट आहेत, थर्ड नावाचं पात्र आहे. ओम नावाच्या नटाला मराठी प्रेक्षक लगेच आपलंसं करतो. वयाने मोठ्या प्रियकराला मालिकेत 'फी' म्हणतात, आणि तोच शब्द थोरल्या भावालाही चालतो, हे कळल्यावर मात्र तो जरा अडखळतो.

या सगळ्या थट्टेला जागतिक बाजार मिळाला २०२०च्या टाळेबंदीत. फेब्रुवारी ते मे या काळात जीएमएमटीव्हीची 'टुगेदर' आली. जित्तिरेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेच्या कादंबरीवरची ही मालिका. नको असलेल्या चाहत्याला टाळण्यासाठी टाइन हा मुलगा गिटार वाजवणाऱ्या सारावतला खोटा प्रियकर व्हायला सांगतो. सहा वर्षांनी पुन्हा तीच युक्ती! कथेत दम बेताचाच. पण जग घरात कोंडलं होतं, आणि ब्राइट आणि विन ही जोडी, स्क्रब या थाय बँडची गाणी आणि संकटाचा मागमूस नसलेलं विद्यापीठ हे मिश्रण फिलिपिन्सपासून ब्राझीलपर्यंत पोचलं. जपानमध्ये तर इतकं, की त्याच वर्षी टीव्ही असाही या वाहिनीने जीएमएमटीव्हीशी व्यावसायिक करार केला.

आणि मग एप्रिलमध्ये या हलक्याफुलक्या मालिकेपायी आंतरराष्ट्रीय भांडण झालं. ब्राइटने ट्विटरवर काही छायाचित्रांना पसंती दिली होती. त्यांच्या मजकुरात हाँगकाँगची गणना देश म्हणून केली होती. चिनी चाहते चिडले. त्याने माफी मागितली, पण तोवर त्याच्या मैत्रिणीच्या जुन्या नोंदी उकरून काढल्या गेल्या, आणि त्यात तैवानचा विषय निघाला. चिनी बाजूने थायलंडच्या सरकारवर शिव्यांची सरबत्ती झाली. थाय मुलामुलींचं उत्तर अफलातून होतं. ते म्हणाले, अगदी बरोबर, अजून जोरात बोला, आम्हाला हे देशात बोलता येत नाही. समोरच्याची शिवी हसत हसत आपलीच घोषणा करून टाकायची ही कला राजकीय पक्षांना जमत नाही. बीएल चाहत्यांना ती सरावाने अंगवळणी पडली होती. बाष्कळ संवादाची मजा करून तो आपलासा करायचा, हेच तर ते दर शुक्रवारी करत होते.

तैवान आणि हाँगकाँगचे तरुण त्यांच्या बाजूने उतरले. हाँगकाँगचा कार्यकर्ता जोशुआ वाँग याने आपण 'टुगेदर' पाहत असल्याचं छायाचित्रच टाकलं. तिन्ही ठिकाणी दुधाचा चहा पितात म्हणून या दोस्तीला 'मिल्क टी अलायन्स' नाव पडलं. गलवानच्या चकमकीनंतर काही भारतीयांनी आपला मसाला चहाही त्या चित्रांत नेऊन ठेवला. पुढे थायलंडमधली विद्यार्थी निदर्शनं आणि २०२१च्या लष्करी उठावानंतरचा म्यानमार असा त्या नावाचा प्रवास झाला. ट्विटरने त्यासाठी चहाच्या कपाचं खास चिन्हही काढलं. या साऱ्याचं मूळ एका नटाने दाबलेल्या बटणात होतं, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात छापताना संपादक नक्की दोनदा विचार करतील.

थट्टा निर्मात्यांच्याही कानावर जात होती. २०२१च्या 'लव्हली रायटर'चा नायक भयकथा लिहू पाहणारा लेखक आहे. प्रकाशक त्याला बीएल लिहायला लावतो, कारण खपतं तेच. त्या कादंबरीवर मालिका निघते, तिच्यात काम करणारा नट या लेखकाच्याच प्रेमात पडतो, आणि कंपनीचा आग्रह मात्र असा, की त्याने लोकांसमोर सहनटाशीच जोडी जमवल्याचं नाटक करावं. चाहते लपून फोटो काढतात, खरं उघडकीला आल्यावर खवळतात. थोडक्यात, प्रेक्षकाला आरसा दाखवण्याचं काम याच प्रकारातल्या एका मालिकेने केलं, आणि प्रेक्षकांनी तीही आवडीने पाहिली.

थट्टेला सर्वात खुमासदार उत्तर मिळालं 'बॅड बडी'त. ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२, दर शुक्रवारी. दिग्दर्शक नोप्फार्नाच चाइविमोन, ज्यांना सगळे ऑफ म्हणतात. शेजारी राहणारी, एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन कुटुंबं. पॅट आणि प्रान ही त्यांची मुलं. पॅट अर्थातच इंजिनीअरिंगला, प्रान वास्तुकलेला, आणि दोन्ही विभागांत हाणामाऱ्या. नवरा कोण नि बायको कोण हा 'सोटस'पासूनचा जुनाट विनोद इथे उलटवला आहे, कारण ही दोघं सगळ्याच बाबतीत पैज लावतात आणि कुणीच मागे हटत नाही. वैराच्या मुळाशी निघते एक शिष्यवृत्ती, पॅटच्या वडिलांनी प्रानच्या आईला फसवून मिळवलेली. आणि अकरावा भाग? रुमाल घेऊन बसलेल्या प्रेक्षकांना दिग्दर्शकाने चकवलं. दोघं भांडतच नाहीत, घर सोडून समुद्रकाठी पळून जातात. बाराव्यात ते वेगळे झाले असावेत असं भासवून ऑफ प्रेक्षकांना आणखी थोडा वेळ टांगून ठेवतात.

मालिकेचा शेवट मात्र विनोदी नाही. चार वर्षं उलटली आहेत. दोघं एकत्र आहेत, पण घरच्यांसमोर तसं म्हणत नाहीत. आईवडिलांना कळलेलं आहे, तेही विचारत नाहीत. कुणाचंही मतपरिवर्तन झालेलं नाही, कुणी गळ्यात पडत नाही. 'सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलायचं नाही' या तडजोडीवर अनेक घरं चालतात, मराठी घरंही. सात-आठ वर्षं ज्या प्रकारातला शेवट साखरेत बुडवून मिळत होता, त्यात हे धाडस होतं.

त्याच सुमारास या प्रकारातलं उत्तम कामही झालं, ज्याची खिल्ली उडवायला चाहत्यांना जागाच मिळाली नाही. २०२०ची 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' अवघ्या पाच भागांची. फुकेतच्या जुन्या शहरात विद्यापीठ प्रवेशासाठी चिनी भाषेची शिकवणी घेणारी तेह आणि ओ-एव ही दोन मुलं. तेहची आई होक्किएन नूडल्स विकते. ओ-एव हे नावच फुकेतच्या एका गोड पदार्थाचं, जेली, पाक आणि किसलेला बर्फ. होक्किएन चिनी स्थलांतरितांनी वसवलेलं ते शहर, त्याची रंगीत घरं, समुद्र, सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्याच देहाची वाटणारी भीती, हे सगळं नारुबेत कुनो या दिग्दर्शकाने इतकं जवळून टिपलं, की टॉवेल पिळण्याची वेळच येत नाही. तेहचं काम करणारा बिल्किन पुढे २०२४च्या 'हाउ टू मेक मिलियन्स बिफोर ग्रँडमा डाइज' या चित्रपटाचा नायक झाला, आणि तो ऑस्करच्या परभाषिक विभागातल्या निवडक यादीत पोचला. ऑफ यांची २०२३ची 'मूनलाइट चिकन' तर पटायामधल्या एका कोंबडी-भाताच्या दुकानाची गोष्ट आहे. दुकान रात्री उघडतं, धंदा बसलाय, मालक जिम चाळिशीकडे झुकलेला, कर्जात. त्याचा भाचा एका कर्णबधिर मुलासाठी खुणांची भाषा शिकतो. इंजिनीअर औषधालाही नाही.

पैसा मात्र येतो जोड्यांतून. पडद्यावरची जोडी पडद्याबाहेरही दिसली पाहिजे: जाहिरातीत, इम्पॅक्ट अरीनातल्या 'लव्ह आउट लाउड'सारख्या जलशांत, वाढदिवसाच्या थेट प्रक्षेपणात. नटाच्या वाढदिवसाला चाहते बँकॉकच्या सयाम भागात मोठे एलईडी फलक भाड्याने घेतात, चित्रीकरणाच्या जागी सगळ्या युनिटसाठी खाण्याच्या गाड्या पाठवतात. २०२१ मध्ये थायलंडच्या वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यातवाढ विभागाने परदेशी खरेदीदारांसाठी खास बीएल मालिकांचा ऑनलाइन मेळावा भरवला होता, म्हणजे सरकारनेही तांदूळ आणि रबराच्या पंक्तीत या मुलांना बसवलं. याची किंमत नट चुकवतात. विशीतल्या मुलाने कुणाबरोबर जेवायला जायचं, कुणाच्या फोटोला पसंती द्यायची याचा हिशेब हजारो डोळे ठेवतात, आणि त्याची खरी प्रेयसी असलीच तर तिच्या वाट्याला शिव्या. थट्टेने सुरू झालेला खेळ इथे अनेकदा थट्टा राहत नाही, आणि मनापासून प्रेम करणाऱ्या चाहत्यांनाही त्याची लाज वाटते.

आक्षेप आणखीही आहेत. 'मला मुलं आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस' हे वाक्य कित्येक वर्षं प्रेमाची कमाल म्हणून खपवलं गेलं. खऱ्या समलिंगी माणसाला त्यात आपलं नावही नको, असंच ऐकू येतं. २०१९च्या 'थार्नटाइप'ला अफाट यश मिळालं, पण संमतीशिवाय केलेल्या जवळिकीला तिने खोडकरपणा म्हणून चालवून घेतलं. नव्या मालिकांमध्ये हे कमी झालं, काहीत तर उलट टोक गाठलं गेलं. 'नॉट मी'मध्ये समान विवाहहक्काच्या मागणीचं आंदोलन थेट कथेत आलं. मार्च २०२४ मध्ये थाय संसदेच्या खालच्या सभागृहाने आणि जूनमध्ये सिनेटने तो कायदा मंजूर केला. २३ जानेवारी २०२५ला तो लागू झाला, आणि पहिल्याच दिवशी दीड हजारांहून अधिक जोडप्यांनी विवाह नोंदवले. हे श्रेय मालिकांना देऊन टाकणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचं होईल. कार्यकर्ते त्यासाठी कितीतरी आधीपासून झगडत होते, तेही प्रायोजकाशिवाय. मालिकांनी केलं ते एवढंच, की घराच्या दिवाणखान्यात दोन मुलांचं एकत्र असणं आजीलाही सवयीचं झालं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा विवाहांना मान्यता द्यायला नकार दिला, म्हणून बँकॉकच्या त्या बातम्या इथल्या अनेकांनी जरा जास्तच वेळ पाहिल्या.

कायदा आला म्हणून मालिका शहाण्या झाल्या, असं मुळीच नाही. 'पिट बेब'मध्ये मोटारींच्या शर्यती आहेत, माणसाच्या वासावरून ओळख पटवणारा नायक आहे आणि चाहत्यांच्या हौशी लेखनातून उचललेलं असं जग आहे, जिथे पुरुषांनाही दिवस जाऊ शकतात. शर्यत आणि गरोदरपण एका कथेत बसवायला वेगळीच हिंमत लागते. दुसरीकडे, 'लव्ह बाय चान्स'मध्ये पीटचं काम केलेला सेंट हा नट स्वतःची आयडॉल फॅक्टरी ही कंपनी घेऊन उतरला, आणि तिने २०२२ मध्ये 'गॅप' आणली. यात दोन मुली: फ्रीन आणि बेकी. एक कंपनीची मालकीण, राजघराण्याशी नातं असलेली, कडक आजीच्या धाकातली. दुसरी तिची नवी कर्मचारी, लहानपणापासून तिच्यावर जीव टाकणारी. म्हणजे पुन्हा एक चाहतीच. यूट्यूबवर ती तुफान चालली, आणि पाठोपाठ मुलींच्या जोड्यांच्या मालिकांची रांग लागली. २०२४च्या 'द लॉयल पिन'मध्ये याच दोघी जुन्या काळातल्या राजवाड्यात गेल्या, रेशमी वस्त्रं, दासदासी आणि कमळांच्या तळ्यांसकट. तिथे इंजिनीअरिंग कॉलेज काढायची कुणाची हिंमत झालेली नाही, अजून तरी.